सपत्नीक रुजू होण्याच्या अटीतून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
पाणीपुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

(ईमेलद्वारे. मूळ सही केलेली प्रत अर्जदार स्वतः घेऊन येत आहे.)

अर्जदार: वरिष्ठ लिपिक, आस्थापना शाखा (रजा व सेवापुस्तके). सध्या मुक्काम परदेश, प्राणी बचाव केंद्र, चाऱ्याच्या कोठारावरचा माळा.

विषय: रजा संपल्यावर ‘सपत्नीक कामावर रुजू व्हावे’ या अटीतील एक शब्द वगळण्याबाबत, तसेच एका रजेबाबत (परिच्छेद ९ पाहावा).

संदर्भ: १) परदेश प्रवासास परवानगी व रजा मंजुरीचा आपल्या कार्यालयाचा आदेश (मसुदा: अर्जदार स्वतः).
२) याच विषयावरील माझे यापूर्वीचे दोन अर्ज. पैकी पहिला त्रुटी काढून परत, दुसऱ्यास कारणे दाखवा नोटीस.
३) आपला कालचा फोन.

महोदय,

१. काल फोनवर आपण, ‘एकदाचं काय ते लेखी द्या, आणि माणसाला कळेल असं द्या,’ असे फर्मावलेत. लेखी देत आहे. माणसाला कळेल याची हमी देता येत नाही, कारण नोकरीला लागल्यापासून अर्जदार याच भाषेत लिहीत आला आहे आणि या वयात दुसरी येईल असे वाटत नाही. तरी प्रयत्न करतो. काही चुकल्यास तो थकव्याचा भाग समजावा. साहेब, मी खरोखर थकलो आहे. हे वाक्य अर्जात बसत नाही हे मला कळते, पण ते खोडून पुन्हा सगळे लिहिण्याचे त्राण नाही.

२. प्रथम आदेशाविषयी. परदेश प्रवासाच्या परवानगीचा आपल्याकडे नमुना नव्हता. आपल्या विभागातून यापूर्वी कोणी परदेशी गेलेच नव्हते. म्हणून मी बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा जुना आदेश पुढ्यात घेतला आणि त्यातले शब्द बदलत गेलो. ‘सपत्नीक परदेश प्रवासास परवानगी देण्यात येत आहे’ इथपर्यंत बरोबर होते. पुढे हात ओघात गेला आणि ‘रजा संपताच सपत्नीक कामावर रुजू व्हावे’ असे टंकले गेले. मी वाचले नाही. आपण सही केलीत, म्हणजे आपणही वाचले नाही, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्या जागी सध्या बसणाऱ्या सहकाऱ्याने मात्र वाचले. एरवी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडरही न वाचणारा हा गृहस्थ, त्याने तेवढेच नेमके वाचले आणि आपल्यापुढे ठेवले. आता त्याचे म्हणणे असे की पत्नीशिवाय मी आलो तर मला हजर करून घेता येणार नाही आणि पत्नीसह आलो तर तिला कोणत्या टेबलावर बसवायचे ते ठरवावे लागेल. नियमाने पाहता त्याचे चुकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते, किंबहुना जास्त खवचटपणे केले असते.

३. आम्ही इथे कसे आलो हेही आपण विचारले होते. ‘लोक परदेशी जातात ते बर्फ बघायला, तुम्ही शेण काढायला गेलात?’ हे आपले शब्द. त्याचे उत्तर असे की आम्हीही बर्फच बघायला निघालो होतो. अर्जदाराचे साडू हे सर्वज्ञ आहेत. त्यांनी इंटरनेटवर ही जागा शोधून काढली. ‘राहणं फुकट, जेवण फुकट, वर स्वच्छ हवा. नुसता सकाळी उठून प्राण्यांना जरा चारा दाखवायचा, की दिवसभर फिरायला मोकळे,’ असे त्यांनी सांगितले. आम्हाला ती एखाद्या धर्मशाळेसारखी सोय वाटली. थोडी सेवा करायची, पुण्य पदरात पाडून घ्यायचे आणि कॅमेरा घेऊन निघायचे. बरोबर साडूंनी पाहण्यासारख्या ठिकाणांची माहिती दिली होती. त्यांपैकी आजवर अर्जदाराने फक्त बसथांबा पाहिला आहे.

पहिल्या सकाळी आम्हाला गमबूट, दाताळे आणि एकचाकी हातगाडी देण्यात आली. गमबूट माझ्या पायाला दोन मापांनी मोठे होते. इथे जखमी, म्हातारी, टाकून दिलेली जनावरे आणतात: बहुतेक गाढवे, काही बकऱ्या, दारातून हाकललेली कुत्री. एक लांब मानेचे पांढरे बदक आहे, त्याला मी ऑडिट म्हणतो, कारण ते न कळवता मागून येते. तबेला झाडायचा, पाण्याच्या टाक्या घासायच्या, म्हाताऱ्या जनावरांसाठी भुसा आणि भरड भिजत घालायची, ते मऊ झाले की वाटायचे. तोवर दुपार होते आणि पाठ उरत नाही. ऑफिसची पँट घालून आलो होतो, तिच्यात आता ऑफिसला येता येणार नाही.

४. याच पँटच्या खिशात आस्थापना शाखेच्या कपाटाची किल्ली निघाली, हेही एकदा लेखी मान्य करतो. निघताना कुलूप लावून किल्ली खिशात टाकायची ही इतक्या वर्षांची सवय, ती विमानतळावरही आठवली नाही. आपण काल म्हणालात, ‘अहो, तो पंपवाला रोज माझ्या दारात उभा राहतो. त्याच्या मुलीचं लग्न तुमच्या खिशात अडकलंय.’ त्याचा रजेचा अर्ज वरून तिसऱ्या कप्प्यात, डाव्या बाजूला, माझ्या शिफारशीसह ठेवलेला आहे. त्याला सांगावे की लग्नाआधी किल्ली पोचते आहे. मुलगी सासरी जाताना बाप पंपावर नसेल याची मी जबाबदारी घेतो.

५. आता मूळ अडचण. केंद्रात दोन म्हाताऱ्या गाढविणी एका कप्प्यात राहत होत्या. त्यांना इथली नावे होती, पण ती हिच्या जिभेवर बसेनात, म्हणून पत्नीने त्यांना थोरली आणि धाकटी केले. आता केंद्रातले सगळेच तसे म्हणतात, त्यांच्या उच्चारात. दोघींनी जन्मभर विटा वाहिल्या होत्या. थोरली खाष्ट होती. पाण्यावर पहिला हक्क तिचा, कोपऱ्यातली उबेची जागा तिची, आणि धाकटीने जरा पुढे तोंड घातले की लाथ. धाकटी लाथ खाऊन तिथेच उभी राहायची आणि थोरली पाणी पिऊन बाजूला झाली की पुढे व्हायची. पत्नीला त्या दोघींचे फार कौतुक. ‘बघा ना, एवढी लाथाळी आणि झोपताना पाठीला पाठ लावूनच,’ असे ती मला तीन वेळा दाखवायची आणि मी तिन्ही वेळा बघितले असे सांगायचो.

एके सकाळी थोरली उठली नाही. मी तबेल्यात गेलो तेव्हा ती आडवी होती, आणि मला वाटले आता तिला लगेच हलवतील, कारण मागे ट्रॅक्टर येऊन उभा होता. पण इथली रीत वेगळी आहे. केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी ट्रॅक्टरवाल्याला इंजिन बंद करायला लावले आणि कप्प्याचे दार सताड उघडून ठेवले. मी विचारले, वाट कसली बघायची? त्या म्हणाल्या, ‘धाकटीला कळू दे. ती स्वतःहून बाजूला होईल तेव्हाच न्यायचं. नाहीतर ती हिला शोधत बसते.’ मग सगळे थांबले. ट्रॅक्टरवाला खाली उतरून भिंतीला टेकला. धाकटीने थोरलीला नाकाने ढकलले, मानेचे केस दातांत धरून ओढले, पुन्हा ढकलले. मग नुसती उभी राहिली. ऑडिटसुद्धा गप्प होते. बऱ्याच वेळाने धाकटी वळली आणि पाण्याच्या टाकीशी गेली. ती पाणी प्यायली नाही, कारण थोरली अजून प्यायली नव्हती. पण ती गेली, आणि मग त्यांनी थोरलीला उचलले.

पत्नी हातात दाताळे धरून तेवढा वेळ दारात उभी होती. मी तिला म्हटले, ‘चल, बाकीचे कप्पे पडलेत.’ तिला ऐकू गेले नाही.

६. त्या दिवसापासून धाकटीने खाणे सोडले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी समजावले की गाढवाने खाणे सोडले की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत जाते आणि मग फार दिवस लागत नाहीत. जोडीदार गेल्यावर असे होते, म्हणाल्या. औषध देऊ, पण खायला कोणी घातले तर खरे. सगळ्यांनी घालून पाहिले. ती तोंड फिरवायची. शेवटी पत्नी एक बादली पालथी घालून तिच्या शेजारी बसली, हातात भिजवलेली भरड घेऊन. काही बोलली नाही, चुचकारले नाही, भरड तोंडाशीही नेली नाही. नुसती बसली, भरडीचा तळहात मांडीवर उताणा ठेवून. संध्याकाळी धाकटीने ती हातातली भरड खाल्ली.

तेव्हापासून ती खाते, पण पत्नी बादलीवर बसलेली असेल तरच. आता हातातून नाही, घमेल्यातून खाते, हीदेखील प्रगती आहे. दुसऱ्या केंद्रातून एक लंगडी गाढवीण आणणार आहेत. दोघींची एकमेकींना सवय होईपर्यंत पत्नी तिथे बसली पाहिजे असे डॉक्टरीणबाईंचे मत पडले. ती उठून गेली आणि धाकटीने पुन्हा तोंड बंद केले तर या खेपेला वाचणार नाही, हेही त्यांनी लपवले नाही. पत्नीने त्यांना परस्पर ‘हो’ म्हणून टाकले. व्यवस्थापक बाई त्यांच्या भाषेत बोलतात आणि ही आपल्या, दोघींचे उत्तम जमते. माझे इंग्रजी दोघींनाही लागत नाही.

यावर मी पहिला अर्ज केला, रजा वाढवून मिळावी म्हणून. त्यासोबत डॉक्टरीणबाईंचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले. ते माझ्या सहकाऱ्याने ‘रुग्ण गाढव आहे’ असा शेरा मारून परत पाठवले आणि ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना रिकामा असल्याची त्रुटी काढली. साहेब, तो शेरा सबंध मजल्यावर वाचून दाखवला गेला असे मला कळले आहे. हसणाऱ्यांविषयी तक्रार नाही. मीही एके काळी एका शिपायाचा अर्ज असाच वाचून दाखवला होता, त्याची म्हैस व्यायली होती.

७. पत्नीचे मन वळवण्याचे मी सर्व प्रयत्न केले. घर बंद आहे म्हटले. ती म्हणाली, ‘असू दे.’ धूळ साचली असेल म्हटले. ‘धूळ कुठे जातेय, राहील तिथेच.’ मुलगा काळजी करतोय म्हटले. ‘त्याला फोन लावून द्या, मी बोलते.’ ती बोलली आणि नंतर मुलानेच मला सांगितले, ‘बाबा, आईचा आवाज किती बरा येतोय.’ माझ्या जेवणाचे काय, हे मी थेट विचारले नाही, पण दोनदा पोटावरून हात फिरवून दाखवला. तिने तिसऱ्यांदा दाखवण्याची वाट पाहिली नाही. ‘भात लावता येतो तुम्हाला. वरणाला फोडणी घालायची मी फोनवर सांगेन,’ म्हणाली, आणि घमेले उचलून निघून गेली.

शेवटचा उपाय म्हणून मी स्वतः प्रभारी म्हणून बादलीवर बसलो. हेतू असा की धाकटीला माझी सवय व्हावी आणि पत्नी मोकळी व्हावी. हा कार्यभार मी एक दुपार सांभाळला. प्रभारी भत्त्याची मागणी नाही. धाकटीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पाठ केली. मी भरडीचा हात पुढे केला, मग दुसरा हात पुढे केला, मग आपल्याकडे कोणी अडून बसले की मी जसे समजावतो तसे समजावले. तेवढ्यात ऑडिट मागून आले आणि त्याने माझ्या पोटरीला चावा घेतला. त्याहून वाईट म्हणजे, मला बसता येत नव्हते. आपल्या कार्यालयात मी जन्मभर बसूनच काम केले आहे, पण हातात काही नसताना बसणे मला येत नाही असे तिथे लक्षात आले. सारखे वाटत होते, उठावे, काहीतरी पुढे सरकवावे.

८. परवा विमान कंपनीकडून तिकिटाची तारीख कळली, तेव्हा मी ती सांगायला तबेल्यात गेलो. आज आवाज चढवायचा, असे माळ्याचा जिना उतरतानाच ठरवले होते. पत्नी बादलीवर होती आणि तिचा डोळा लागला होता. धाकटीच्या पोटाला डोके टेकून ती झोपली होती, तोंड थोडे उघडे. घमेले तबेल्याच्या त्या टोकाला होते आणि धाकटीचे तोंड त्याच दिशेला. भूक लागली होती तिला, कान तिकडे वळत होते. पण ती हलली नाही. हलली असती तर ही पडली असती. मी दाराशी उभा राहिलो. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण दुपारच्या वेळी पत्नीला झोपलेले मी प्रथमच पाहत होतो.

जाग आल्यावर तिने मला पाहिले. तिकिटाचा कागद खिशातच होता. तीच म्हणाली, ‘आई गेल्या तेव्हा मी चहा करत होते.’

आई म्हणजे अर्जदाराची आई. ती बरीच वर्षे अंथरुणावर होती आणि तिचे सगळे पत्नीच करत असे. भरवणे, पुसणे, कूस बदलणे, आणि त्याबद्दल बोलणी खाणे. आई फार खाष्ट होती हे मुलाने लिहिणे बरे नाही, पण ती चमचा भिरकावायची हे खरे आहे आणि पत्नी तो उचलून, धुऊन, पुन्हा भरवायची. आई सकाळी गेली. तासाभरात घर माणसांनी भरले. पत्नीला तेव्हाच स्वयंपाकघरात जावे लागले, कारण येईल त्याला निदान चहा द्यायचा आणि साखर कुठे आहे हे तिलाच माहीत. दर थोड्या वेळाने कोणीतरी आत डोकावून म्हणत होते, ‘सुटलीस बाई.’ ती मान हलवून कपात चहा गाळत होती. बाहेर आईला उचलले तेव्हा तिच्या हातात गाळणे होते. एवढ्या वर्षांची जोडी, दिवसभर घरात दोघीच. एकीपासून दुसरीला बाजूला होऊ द्यायला आमच्याकडे कोणी ट्रॅक्टर बंद केला नाही.

ती रडली नाही, साहेब. म्हणाली, ‘मला तेव्हा कुणी बसू दिलं नाही. आता बसतेय. तुम्ही जा, ऑफिसला तुमची अडचण होतेय. मी येते मागून.’ आणि उठून घमेले ओढून धाकटीच्या तोंडाशी आणून ठेवले.

त्या रात्री मला झोप आली नाही हे लिहिण्याचे कारण नाही, कारण पोटरीही दुखत होती.

९. आता रजेविषयी. आई गेली तेव्हा अर्जदाराला रजा मिळाली. ती नियमानुसार होती आणि मी ती पुरेपूर उपभोगली. ओट्यावर बसून लोकांशी बोलत होतो, माझे सांत्वन होत होते. परत आल्यावर आपण स्वतः माझ्या टेबलाशी आलात आणि खांद्यावर हात ठेवलात, ते मी विसरलेलो नाही. पत्नीची रजा कोणी मांडली नाही. तिचे सेवापुस्तक नाही, हजेरीपट नाही, तिच्या वर कोणी मंजुरी देणारा अधिकारी नाही. आजारी पडली तर ती आजारी राहून काम करी. तिच्या माहेरी लग्न असले की मी माझी रजा पाहून तिला पाठवत असे, म्हणजे तिची रजा माझ्या खात्यावर चालत असे. इतकी वर्षे साऱ्या विभागाच्या रजा मी पाहतो. कोणाची किती शिल्लक, कोणाची बुडाली, सगळे मला तोंडपाठ आहे. या एका कर्मचाऱ्याची नोंद आपल्या शाखेत कधी आलीच नाही.

तरी आपणांस विनंती करण्यात येते की,

(अ) संदर्भ क्र. १ च्या आदेशातील ‘सपत्नीक कामावर रुजू व्हावे’ यामधील ‘सपत्नीक’ हा शब्द वगळण्यात यावा. चूक माझी आहे, दुरुस्तीपत्र मीच तयार करून आणतो. अर्जदार सोमवारी वेळेवर, एकटा, किल्लीसह रुजू होत आहे. कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर हाच अर्ज समजावा. कारणे दाखवली आहेत.

(आ) अर्जदाराच्या खात्यावर शिल्लक असलेली अर्जित रजा पत्नीच्या नावे वर्ग करून तिला ती इथून पुढे मंजूर करण्यात यावी. एका व्यक्तीची रजा दुसऱ्या व्यक्तीला देण्याची तरतूद नियमांत नाही. हे मला कोणी सांगू नये, कारण नियमांचे ते पुस्तक माझ्याच कपाटात आहे. पत्नी आपल्या कार्यालयाची कर्मचारी नाही आणि आपल्याला तिच्यावर काही अधिकार नाही, हेही मला मान्य आहे. पण दुसरा कोणता अधिकारी मला ठाऊक नाही. तिची रजा आजवर माझ्या हातात होती. ती मी स्वतःच मंजूर केली तर तो पुन्हा माझाच उपकार होईल आणि उद्या वरणाला फोडणी चुकली की मी तो बोलून दाखवीन. मी मला ओळखतो. म्हणून ती वरून, कार्यालयाच्या शिक्क्याने यावी, आणि माझ्यावर बंधनकारक असावी. या देशाने व्हिसावर दिलेला तिचा मुक्काम अजून पुरेसा शिल्लक आहे. आपली हरकत नसली म्हणजे झाले.

(इ) रजेवर असतानाचा पत्ता: तबेला, दारातून आत गेल्यावर उजवीकडचा कप्पा, पालथी बादली.

१०. आता एकच रकाना राहतो. रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते. मी काल संध्याकाळी तबेल्यात जाऊन पत्नीला विचारले की कारण काय लिहू? गाढविणीची शुश्रूषा असे लिहिले तर सहकारी पुन्हा हसेल. सासूच्या निधनानिमित्त असे लिहिले तर उशीर झाल्याची त्रुटी निघेल. हवापालट म्हणायचे तर दाखला लागेल, तोही माणसांच्या डॉक्टरचा. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘बसायचंय, असं लिहा.’

या कारणाने आलेला एकही अर्ज मी आजवर पुढे मांडला नसता. शेरा मारून परत केला असता आणि वर चारचौघांत वाचूनही दाखवला असता. हा मांडत आहे.

कारण: बसणे.

मंजूर व्हावा. नामंजूर झाल्यास तसे पत्नीला कळवण्याचे काम कार्यालयाने करावे. मी कळवणार नाही.

आपला नम्र, आणि सोमवारी एकटाच हजर होणारा,

(सही)
वरिष्ठ लिपिक, आस्थापना शाखा

दिनांक: निघण्याची आदली संध्याकाळ

सोबत:
१) परतीच्या विमान तिकिटाची प्रत, एक.
२) दुसरे तिकीट रद्द केल्याची पावती.
३) आस्थापना शाखेच्या कपाटाची किल्ली (समक्ष दिली जाईल. पंपवाल्याला आधी बोलावून ठेवावे).
४) त्रुटीसाठी परत आलेले वैद्यकीय प्रमाणपत्र, पूर्तता करून. ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना पत्नीने स्वतः भरला आहे. तिथे ‘घरचीच’ असे लिहिले आहे. अक्षर तिचेच असल्याचे मी साक्षांकित करतो.